मानेत, काखेत, जांघेत गाठ हाताला लागली तर: लसिका ग्रंथींची सूज समजून घेताना

अंघोळ करताना किंवा मान चोळताना बोटांखाली अचानक काहीतरी टणक लागतं. काल होतं का, आठवत नाही. मग आरशासमोर उभं राहणं, दुसरी बाजू चाचपणं, पुन्हा तीच गाठ दाबून बघणं आणि रात्री मोबाइलवर शोधत बसणं. त्या रात्री आणि पुढच्या महिनाभरात काय करायचं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. आपण गाठ दुखते की नाही यावरून तिचं गांभीर्य ठरवतो. दुखली की धावतो, दुखत नसली की सोडून देतो. लसिका ग्रंथींच्या बाबतीत हे माप बऱ्याचदा उलटं पडतं. दोन दिवसांत सुजून ठणकायला लागलेली गाठ बहुतेक वेळा संसर्गाची असते आणि संसर्ग गेला की बसते. हळूहळू वाढणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठीचीच तपासणी जास्त वेळा करावी लागते. माझ्या बहिणीच्या मानेतली गाठ आम्ही तीन महिने "दुखत नाही ना, मग राहू दे" म्हणत राहू दिली. ती क्षयाची निघाली. पूर्ण उपचारांनी ती बरी झाली, पण ते तीन महिने तिच्या अंगावर निघाले. तेव्हापासून कुणी गाठीबद्दल विचारलं की मी "दुखते का?" हे शेवटी विचारते. आधी विचारते, कुठे आहे आणि किती दिवस झाले?

ग्रंथी सुजते म्हणजे काय होतं

रक्तवाहिन्यांमधून थोडा द्रव सतत बाहेर, पेशींच्या अवतीभवती पाझरत असतो. त्यातला बराचसा परत रक्तात शोषला जातो. उरलेला, दिवसाला काही लिटर, लसिकावाहिन्या नावाच्या बारीक नळ्यांमध्ये गोळा होतो आणि शेवटी मानेच्या तळाशी मोठ्या शिरांमध्ये परत सोडला जातो. या वाटेवर शरीरभर साधारण ६०० लहान ग्रंथी आहेत. त्या घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या असतात. पायाच्या बोटाला झालेल्या जखमेतून जंतू आत शिरले, तर ते या द्रवाबरोबर वाहत जांघेतल्या ग्रंथींपर्यंत पोचतात. तिथे पांढऱ्या पेशी दबा धरून असतातच. जंतूची ओळख पटली की त्या पेशींची संख्या तिथल्या तिथे भराभर वाढते, रक्तपुरवठा वाढतो आणि ग्रंथी फुगते.

ग्रंथीभोवती एक पातळ आवरण असतं. ग्रंथी झपाट्याने फुगली की ते ताणलं जातं आणि ठणका लागतो. सावकाश वाढणाऱ्या ग्रंथीबरोबर आवरणही हळूहळू सैलावतं, म्हणून ती दुखत नाही. दुखण्याचा संबंध असा मुख्यतः सुजण्याच्या वेगाशी आहे. सूज साधी आहे की गंभीर, हे त्यावरून ठरत नाही.

मराठीत यासाठी जुना, नेमका शब्द आहे: अवधाण. पायाला जखम झाली की जांघेत, हाताला झाली की काखेत येणारी दुखरी गाठ म्हणजे अवधाण. जखम एकीकडे, गाठ दुसरीकडे, हे या शब्दातच आलेलं आहे आणि पुढची सगळी तपासणी याच नात्यावर उभी आहे. क्षयामुळे मानेत ओळीने येणाऱ्या गाठींना गंडमाळ म्हणतात, तोही शब्द गाठींच्या माळेसारख्या दिसण्यावरूनच पडला.

पहिली पायरी: ती लसिका ग्रंथीच आहे का?

हाताला लागणारी प्रत्येक गाठ ग्रंथी नसते. त्वचेतच असलेली, वर मध्यभागी बारीक काळा ठिपका दिसणारी गाठ बहुधा सिस्ट, म्हणजे त्वचेतली पिशवीसारखी गाठ असते. कातडीखाली मऊ, चेंडूसारखी दबणारी, वर्षानुवर्षं तशीच राहिलेली गाठ अनेकदा चरबीची असते. गळ्याच्या मधोमध असलेली आणि घोट गिळताना वरखाली होणारी गाठ थायरॉईडशी संबंधित असू शकते. जांघेत खोकल्यावर फुगणारी आणि आडवं झाल्यावर आत जाणारी सूज हर्नियाची असण्याची शक्यता जास्त. या हर्नियाच्या सुजेत अचानक तीव्र वेदना सुरू झाली, ती आत जाईनाशी झाली आणि उलट्या होऊ लागल्या, तर ती शस्त्रक्रियेची तातडी आहे. तेव्हा वाट बघू नका.

शरीराचे काही नेहमीचे भागही घाबरवतात. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाळग्रंथी असतात, कानामागे हाडाचा उंचवटा असतो. मानेत बाजूला धडधडणारी गाठ लागली तर ती रक्तवाहिनी असू शकते. ती चोळू नका, डॉक्टरांना दाखवा. दोन्ही बाजूंना अगदी सारखंच काही लागत असेल, तर ती बहुतेक शरीराची मूळ रचना असते. गालगुंडात कानापुढची लाळग्रंथी सुजते आणि कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते. ती सूज लसिका ग्रंथीची नव्हे.

दुसरी पायरी: नीट चाचपा, पण रोज चाचपू नका

पहिल्या दोन बोटांचे मऊ भाग वापरा, नखांची टोकं नकोत. हलका दाब देऊन बोटं गोलाकार फिरवा, म्हणजे कातडी ग्रंथीवरून सरकते आणि ग्रंथीची कड कळते. जोरात दाबलं की ग्रंथी निसटते.

मानेसाठी हनुवटीखालून सुरुवात करा, मग जबड्याखालून कानापर्यंत, कानापुढे, कानामागे, डोक्याच्या मागे केसांच्या कडेला आणि मग मानेच्या मोठ्या स्नायूच्या पुढून व मागून खाली या. शेवटी कॉलरबोनच्या, म्हणजे गळ्याखाली दोन्ही बाजूंना आडव्या जाणाऱ्या हाडाच्या वरच्या खळग्यात. इथे खांदे थोडे पुढे झुकवून खोल श्वास घेतला तर आत दडलेली ग्रंथी वर येऊ शकते. हा खळगा बहुतेक जण तपासतच नाहीत आणि सगळ्यात महत्त्वाची जागा तीच आहे.

काखेसाठी हात वर ताणू नका. त्याने स्नायू घट्ट होतात आणि काही लागत नाही. हात सैल सोडून दुसऱ्या हाताची बोटं काखेत अगदी वर न्या आणि छातीच्या पिंजऱ्यावरून खाली ओढत आणा. जांघेसाठी आडवं पडा आणि घडीच्या खालच्या भागात बघा.

चार गोष्टी लिहून ठेवा: जागा, अंदाजे आकार, बोटाखाली सरकते की चिकटून बसली आहे, आणि आज तारीख काय. आकार मोजपट्टीने मोजता आला तर उत्तम. साधारणपणे १ सेंटीमीटरपर्यंतची, मऊ, सरकणारी ग्रंथी मोठ्या माणसांतही सहज लागू शकते. जांघेत १.५ सेंटीमीटरपर्यंतची लागते, कारण पायांवरच्या बारीकसारीक जखमांचा भार तिथल्या ग्रंथी आयुष्यभर वाहतात. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं वर मात्र अर्ध्या सेंटीमीटरहून मोठी ग्रंथी लागली तरी ती दाखवावी. कॉलरबोनवर तर लागेल ती दाखवावी, आकार कितीही असो.

आणि मग बोटं लांब ठेवा. माझ्या काखेतली एक गाठ मी दिवसातून दहादा दाबत होते. दाबून दाबून ती हुळहुळी झाली आणि हुळहुळी झाली म्हणून मी आणखी दाबत राहिले. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी तपासणं पुरतं.

तिसरी पायरी: जागेवरून उगम शोधा

प्रत्येक ग्रंथीसमूहाचा आपला इलाका ठरलेला असतो. गाठ जिथे आहे, त्याच्या इलाक्यात काय बिघडलं आहे ते बघायचं.

जबड्याखाली आणि मानेच्या पुढच्या भागात गाठ असेल तर घसा, टॉन्सिल, दात, हिरड्या आणि तोंडाची आतली बाजू बघा. किडलेल्या दाढेमुळे आलेली गाठ दाढेचा इलाज होईपर्यंत अँटिबायोटिक घेऊनही पुन्हा पुन्हा येते. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांहून जास्त न भरलेलं तोंडातलं व्रण, बदललेला आवाज किंवा एकाच बाजूने कानात जाणारी कळ असेल आणि सोबत मानेत गाठ असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ लगेच गाठा. तंबाखू, सिगारेट किंवा दारूची सवय असेल तर हे आणखी निकडीचं. मानेतली गाठ हेच तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण असू शकतं आणि ती सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

डोक्याच्या मागे किंवा कानामागे गाठी असतील तर डोक्याची त्वचा बघा: उवा, खाजवून झालेल्या जखमा, पुटकुळ्या, बुरशीचा संसर्ग. अंगावर पुरळ आणि तापही असेल तर रुबेलासारखे विषाणू डोळ्यांसमोर ठेवा. घरात गर्भवती असेल तर अशा रुग्णाने तिच्यापासून दूर राहून डॉक्टरांना फोनवरच विचारावं. कानापुढे गाठ आणि डोळा लाल, चिकट झालेला, ही जोडी डोळे येण्याच्या साथीत नेहमी दिसते.

मानेच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे गाठी, घसा प्रचंड दुखणं आणि आठवडेच्या आठवडे न सरणारा थकवा हे चित्र किशोरवयात किंवा विशीत दिसलं, तर एपस्टीन-बार विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याबद्दल पुढे सांगते, कारण त्यात दोन चुका हमखास होतात.

काखेत गाठ आली तर बोटांपासून खांद्यापर्यंतचा सगळा हात बघा. नखाजवळचं पिकलेलं, वस्तऱ्याचा कट, काखेतलं केसतोड, मांजराने ओरबाडल्याची जुनी खूण. मांजराच्या ओरखड्यातून बार्टोनेला नावाचा जिवाणू शिरला तर ओरखडा भरून गेल्यावर, एकदोन आठवड्यांनी काखेत गाठ येते. तोवर ओरखडा विसरलेला असतो. दंडात घेतलेल्या लसीमुळेही त्याच बाजूच्या काखेत गाठ येते आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत जाते. त्या काळात मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे असेल तर लस कधी आणि कोणत्या हातात घेतली, हे आधीच सांगा. हातावर, काखेत कुठेच कारण सापडत नसेल तर स्तनाची तपासणी करायलाच हवी. पुरुषांनासुद्धा स्तनाचा कर्करोग होतो, हे पुरुषांनी लक्षात ठेवावं.

जांघेतल्या गाठीचा इलाका पाय, नितंब, गुदद्वाराभोवतीचा भाग आणि बाह्य जननेंद्रिय असा आहे. पायाच्या बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांपासून सुरुवात करा. लैंगिक संबंधांतून येणाऱ्या संसर्गातही इथे गाठ येते आणि सिफिलिसचा पहिला व्रण दुखत नसल्यामुळे लक्षातही येत नाही. हे डॉक्टरांना सांगायला संकोच वाटतो, पण तेवढी एक गोष्ट सांगितली तर भलत्या तपासण्यांचे आठवडे वाचतात. वृषणांचा द्रव मात्र जांघेत उतरत नाही, थेट पोटातल्या ग्रंथींकडे जातो. जांघेत गाठ नाही म्हणून वृषणातल्या गाठीकडे दुर्लक्ष करू नका.

आता कॉलरबोनच्या वरची जागा. छाती आणि पोट यांतून येणारा लसिकेचा प्रवाह इथे येऊन रक्ताला मिळतो. डाव्या बाजूला पोटातून आणि शरीराच्या बहुतेक खालच्या भागातून येणारी मुख्य नळी येते, उजव्या बाजूला मुख्यतः छातीतून. म्हणून इथली ग्रंथी सर्दीखोकल्याने सहसा सुजत नाही. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्चो यांनी १८४८ साली डाव्या बाजूच्या या ग्रंथीचा पोटातल्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखवला आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. क्षयाचीही गाठ इथे येते. इथे गाठ लागली तर दुखण्याचा, आकाराचा किंवा दिवसांचा हिशेब न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

एकाच वेळी मान, काख, जांघ अशा दोन किंवा अधिक दूरच्या जागी गाठी असतील, तर कारण एका जखमेत सापडणार नाही. विषाणूंचे आजार, क्षय, ल्यूपससारखे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचे आजार, रक्ताचे आजार, औषधांची प्रतिक्रिया, सगळ्यांचा विचार करावा लागतो. फिट्सवरचं फेनिटॉईन आणि युरिक ॲसिडवरचं ॲलोप्युरिनॉल या औषधांनी गाठी येऊ शकतात. औषध स्वतःहून बंद करू नका, विशेषतः फिट्सचं. एचआयव्हीची लागण झाल्यावर साधारण २ ते ४ आठवड्यांनी ताप, घसादुखी, पुरळ आणि गाठी येऊ शकतात. इतक्या लवकर केलेली तपासणी कधी कधी निगेटिव्ह येते, म्हणून संशयास्पद संबंधाची तारीख डॉक्टरांना सांगा आणि ते सांगतील तेव्हा तपासणी पुन्हा करा.

चौथी पायरी: थांबायचं की जायचं?

हे लगेच, रात्र असली तरी दवाखाना गाठण्याचं: श्वास घ्यायला किंवा थुंकी गिळायला त्रास, तोंड उघडेनासं होणं, जिभेखाली किंवा हनुवटीखाली झपाट्याने पसरणारी सूज, तापासोबत मान ताठणं, गुंगी किंवा गोंधळलेपण, जखमेपासून गाठीकडे जाणारी लाल रेघ आणि हुडहुडी. चेहरा व मान सुजून शिरा टरारलेल्या दिसणं हेही तातडीचं लक्षण आहे, कारण छातीतल्या गाठींनी मोठी शीर दाबली गेलेली असू शकते.

हे दोनचार दिवसांत दाखवण्याचं: कॉलरबोनवरची कोणतीही गाठ, दगडासारखी कडक किंवा आजूबाजूला चिकटून न सरकणारी गाठ, २ सेंटीमीटरहून मोठी किंवा दिवसागणिक वाढणारी गाठ, एकमेकींना चिकटून झालेला गाठींचा पुंजका, लाल-गरम होऊन आत पू झाल्यासारखी लिबलिबीत लागणारी गाठ. गाठीसोबत पुढचं काही असेल तर गाठ लहान असली तरी थांबू नका: ३८ अंश सेल्सिअसच्या वर वारंवार येणारा ताप, रात्री कपडे आणि अंथरूण भिजवणारा घाम, सहा महिन्यांत वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त घट, अंगभर कारणाशिवाय खाज, कातडीवर निळसर डाग, हिरड्यांतून रक्त. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल किंवा घरात कुणाला क्षय झालेला असेल तर तेही सांगा. ज्यांना पूर्वी कर्करोग झालेला आहे किंवा जे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतात, त्यांनी कोणतीही नवी गाठ दाखवावी.

वरीलपैकी काही नसेल, कारण समोर दिसत असेल आणि एरवी तब्येत बरी असेल, तर वाट बघायला हरकत नाही. फक्त त्या वाट बघण्याला शेवटची तारीख हवी. कारण दिसत असलेली गाठ दोन आठवड्यांत लहान व्हायला लागली पाहिजे आणि चार आठवड्यांनीही तेवढीच असेल तर डॉक्टरांकडे जायचं. कारणच सापडलं नसेल तर दोन आठवड्यांतच जा. मी कॅलेंडरवर तारीख लिहून टाकायला सांगते, कारण न दुखणाऱ्या गाठीची आठवण मन फार लवकर पुसून टाकतं. पूर्ण बसायला मात्र सहाआठ आठवडेही लागू शकतात, आणि कधी वाटाण्याएवढी मऊ ग्रंथी कायमची उरते. ती वाढत नसेल तर काळजीचं कारण नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांनी या मुदती ताणू नयेत. कौटुंबिक डॉक्टरांकडे कारण न सापडलेली ग्रंथीची सूज घेऊन आलेल्या रुग्णांचा नेदरलँड्समध्ये एक अभ्यास झाला, तो १९८८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कर्करोग निघण्याचं प्रमाण चाळिशीच्या आत सुमारे ०.४ टक्के आणि चाळिशीनंतर सुमारे ४ टक्के होतं. म्हणजे चाळिशीनंतरही शंभरातल्या सुमारे शहाण्णव जणांना कर्करोग नव्हता, पण धोका दहापट झाला.

वाट बघताना घरी काय करायचं

फार काही नाही. कोमट ओल्या फडक्याने दिवसातून तीनचार वेळा दहा-पंधरा मिनिटं शेक द्या. कातडी भाजेल इतकं गरम नको. घसा दुखत असेल तर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, विश्रांती. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालतं, पण पाकिटावरच्या मात्रेच्या पुढे जाऊ नका आणि सर्दीच्या गोळ्यांमध्येही तेच असतं हे तपासा. यकृताचा आजार असेल तर आधी विचारा. मुलांना आणि किशोरवयीनांना ॲस्पिरिन देऊ नका.

गाठ चोळणं, पिळणं, सुईने टोचणं, झोंबणारे लेप लावणं बंद. घरात उरलेलं अँटिबायोटिक सुरू करणं तर नकोच. विषाणूवर ते काही करत नाही आणि जिवाणूचा संसर्ग असेल तर अर्धवट डोसाने खरं चित्र झाकलं जातं.

स्टेरॉइडबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. गाठीचं निदान होण्याआधी स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेतलं तर सूज उतरते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण लिम्फोमा नावाचा ग्रंथींचा कर्करोगही स्टेरॉइडने तात्पुरता आक्रसतो आणि मग बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, तो ओळखणं अवघड होतं. क्षय असेल तर स्टेरॉइडने तो बळावू शकतो. कुणी "सूज उतरवायची गोळी" दिली तर त्यात स्टेरॉइड आहे का, हे स्पष्ट विचारा.

पाचवी पायरी: डॉक्टरांकडे

जाताना लिहून न्या: गाठ कधी दिसली, कशी बदलली, ताप किती आणि कोणत्या वेळी, वजन, चालू औषधं, अलीकडच्या लशी, दातांचे उपचार, प्राण्यांशी संपर्क, प्रवास, आधी घेतलेली अँटिबायोटिकं आणि किती दिवस घेतली. चांगली तपासणी म्हणजे डॉक्टर फक्त ती एक गाठ बघत नाहीत. मान, काखा, जांघा, घसा, डोक्याची त्वचा आणि पोटात प्लीहा (डावीकडे बरगड्यांखाली असणारा अवयव) व यकृत वाढलं आहे का, हेही तपासतात. तसं झालं नाही तर "बाकीच्या जागा बघाल का?" असं विचारायला मुळीच संकोच करू नका.

बहुतेकांना सुरुवातीला रक्ताच्या साध्या तपासण्या सांगितल्या जातात: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्तपेशींचा स्मिअर (काचेवर पसरवलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), ईएसआर किंवा सीआरपी (शरीरात दाह आहे का हे सांगणाऱ्या चाचण्या) आणि गरजेप्रमाणे एचआयव्ही व इतर संसर्गांच्या चाचण्या. सीबीसी नॉर्मल आली म्हणजे सुटलो, असं समजू नका. लिम्फोमात आणि ग्रंथींच्या क्षयात ती अनेकदा नॉर्मलच असते. छातीचा एक्स-रे आतल्या ग्रंथी आणि फुप्फुसं दाखवतो. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार, आतली रचना, रक्तप्रवाह आणि पू कळतो. निरोगी ग्रंथी लांबट असते आणि तिच्या मध्यभागी चरबीचा पांढुरका पट्टा दिसतो. ती गोल झाली आणि तो पट्टा हरवला तर पुढची तपासणी लागते.

पुढची तपासणी म्हणजे सुई किंवा बायोप्सी, आणि इथे घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "सुई लावली की गाठ पसरते." या भीतीपायी लोक महिने घालवतात. बारीक सुईच्या तपासणीने, म्हणजे एफएनएसीने, कर्करोग पसरण्याची शक्यता अत्यंत कमी असते. निदानाला उशीर झाल्याने आजार पुढे सरकण्याचा धोका त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. एफएनएसीमध्ये इंजेक्शनसारख्या सुईने थोड्या पेशी काढतात, काही मिनिटांचं काम असतं. क्षय किंवा दुसरीकडून आलेला कर्करोग शोधायला ती उपयोगी पडते. क्षयाचा संशय असेल तर त्याच नमुन्यातून जीनएक्स्पर्ट (क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणारी चाचणी) आणि कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघणं) करायला सांगा. औषधांना दाद न देणारा क्षय आहे का, हे त्यातून कळतं.

लिम्फोमाच्या संशयात एफएनएसी अपुरी पडते. तिथे पेशी कशा मांडल्या आहेत हे बघावं लागतं आणि सुईतून फक्त सुट्या पेशी येतात. म्हणून जाड सुईची कोअर बायोप्सी करतात किंवा अख्खी ग्रंथी काढतात. अख्खी ग्रंथी काढणार म्हटल्यावर "एवढं मोठं काय झालंय?" अशी धडकी भरते, पण हा उपचार नसून निदान अचूक व्हावं म्हणून घेतलेली काळजी आहे. कोणती ग्रंथी काढायची हेही महत्त्वाचं आहे. सर्वांत सोपी म्हणून जांघेतली काढण्यापेक्षा सर्वांत संशयास्पद वाटणारी काढलेली बरी. मानेतली गाठ तोंडाघशाच्या कर्करोगाची असण्याची शक्यता असेल तर मात्र आधी घशाची दुर्बिणीने तपासणी आणि सुई, हा क्रम पाळतात.

कारण कळल्यावर

जिवाणूंनी पिकलेल्या ग्रंथीला अँटिबायोटिक लागतं आणि दोनतीन दिवसांत ताप, लाली उतरायला हवी. उतरली नाही तर आत पू साठला आहे का बघून तो काढावा लागतो. बरं वाटलं म्हणून कोर्स मध्येच सोडू नका.

एपस्टीन-बार विषाणूवर औषध नाही, विश्रांती हाच उपाय. इथल्या दोन चुका अशा. पहिली, टॉन्सिल समजून ॲमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं जातं आणि अनेकदा अंगभर पुरळ उठतं. दुसरी, बरं वाटताच खेळायला जाणं. या आजारात प्लीहा सुजलेली असते आणि पोटावर मार बसला तर ती फुटू शकते. किमान तीन आठवडे धक्काबुक्कीचे खेळ आणि जड वजन उचलणं टाळा, आणि पुन्हा सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारा. पोटाच्या डाव्या बाजूला अचानक तीव्र दुखलं तर तडक रुग्णालयात.

ग्रंथींच्या क्षयाचे उपचार साधारण सहा महिने चालतात. बहिणीच्या वेळी दुसऱ्या महिन्यात गाठ मोठी झाली आणि आम्ही हादरलो. औषधं सुरू असताना गाठी वाढणं किंवा नव्या येणं हे बऱ्याच रुग्णांमध्ये घडतं, कारण सावरलेली प्रतिकारशक्ती मेलेल्या जंतूंवर तुटून पडते. तेवढ्यावरून औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष काढून ते थांबवायचं नसतं, डॉक्टरांना दाखवायचं असतं. ग्रंथींपुरताच असलेला क्षय संसर्गजन्य नसतो, म्हणून रुग्णाचं ताट-वाटी वेगळं काढण्याचं काही कारण नाही. फुप्फुसात क्षय नाही ना, एवढं एक्स-रेने पाहून घ्यायचं.

आणि लिम्फोमा निघालाच तर? थॉमस हॉजकिन या इंग्लिश डॉक्टरांनी १८३२ साली ग्रंथी आणि प्लीहा वाढलेल्या रुग्णांचं वर्णन केलं, तेव्हा त्यांच्या हातात औषध काहीच नव्हतं. आज त्यांच्या नावाचा हॉजकिन लिम्फोमा बहुतेक रुग्णांमध्ये पूर्ण बरा होतो, वाढलेल्या टप्प्यातही.

लहान मुलांच्या गाठी

निरोगी मुलांच्या मानेत लहान ग्रंथी लागणं इतकं नेहमीचं आहे की त्या न लागणारं मूल शोधावं लागेल. त्यांचं शरीर रोज नवे जंतू ओळखायला शिकत असतं. एक सर्दी उतरते न उतरते तोच दुसरी येते आणि गाठी महिनोन् महिने मागेपुढे होत राहतात. मूल खेळतंय, खातंय, वजन वाढतंय आणि ग्रंथी १ सेंटीमीटरच्या आसपास, मऊ, सरकती आहेत, तर त्यांना हात लावू नका. बीसीजी, म्हणजे क्षयाविरुद्धची लस दिलेल्या बाजूच्या काखेत बाळाला छोटी गाठ येऊ शकते, ती बहुधा आपोआप जाते. मोठी झाली किंवा पिकली तरच दाखवायची.

तीन महिन्यांखालच्या बाळाला गाठीसोबत ३८ अंशांचा ताप असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. मूल फिकट दिसतंय, लंगडतंय, हाडं दुखतात म्हणून रात्री रडतंय, सहज काळंनिळं होतंय, तरी तसंच. आणि कॉलरबोनच्या वरच्या गाठीचा नियम मुलांनाही मोठ्यांइतकाच लागू आहे.

रिपोर्टमध्ये "रिॲक्टिव्ह" लिहून आलं तर

याचा अर्थ ग्रंथी कशावर तरी प्रतिक्रिया देते आहे आणि घेतलेल्या नमुन्यात क्षय किंवा कर्करोग दिसला नाही. बहुतेकांसाठी गोष्ट इथे संपते. पण नमुना म्हणजे त्या ग्रंथीचा एक अंश असतो. रिपोर्ट आल्यावरही गाठ वाढत राहिली, नव्या आल्या, ताप किंवा घाम थांबला नाही, तर तो रिपोर्ट आणि स्लाइड घेऊन परत जा आणि बायोप्सी पुन्हा करायची का, हे विचारा. स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) मागून बघा. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने त्याच स्लाइड पाहून वेगळं मत दिल्याची उदाहरणं आहेत. गाठ वाढत नसेल तर सहा आठवड्यांनी एकदा दाखवून या, आणि ती तारीखही कॅलेंडरवर आजच लिहा.